एकास चार की एकास सहा?

(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिक अंकासाठी लेख मागविल्याची सूचना फलकावर लागली आणि माझ्या मैत्रिणींनी विषय पटापट वाटून घेतले. कुणी पावसावर कविता, कुणी सहलीचे वर्णन, कुणी ‘मोबाइल : शाप की वरदान’. मी ‘बांधकामातील संगणकीय स्पेसिफिकेशन’ असे सांगताच सगळ्या हसल्या. “अगं, तू इतिहासाची की सिव्हिलची?” त्यांचे हसणे मी मनाला लावून घेतलेले नाही. कला शाखेच्या मुलीने वाळू-सिमेंटवर लिहावे याचे आमच्या प्राध्यापकांनाही नवल वाटेल. परंतु माझे वडील गवंडी आहेत, आई अनेक वर्षे बिगारी काम करीत आली आहे, आणि आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. ज्या विषयामुळे आमच्या घरच्या चार दिवसांच्या हजेरीवर पाणी पडले, त्या विषयावर दोन शब्द बोलण्याचा मला अधिकार आहे असे मी समजते.

इमारत बांधायची तर नकाशा लागतो हे सर्वांना ठाऊक असते. भिंत कुठे, खिडकी केवढी, ते नकाशा सांगतो. पण ती भिंत कसल्या विटेची, गिलाव्यात सिमेंट किती नि वाळू किती, स्लॅबवर पाणी किती दिवस ठेवायचे, हे सारे नकाशात मावत नाही. ते शब्दांत लिहावे लागते. या लिखाणाला स्पेसिफिकेशन म्हणतात. तेव्हा बांधकामाचा निम्मा व्यवहार भाषेचा आहे, आणि भाषेच्या व्यवहारात नाक खुपसण्याची मुभा कला शाखेला असावी!

बारावीनंतरच्या सुट्टीत मी एमएस-सीआयटी केले, पुढे टायपिंगच्या परीक्षा दिल्या. गेल्या मे महिन्यात मुकादमांच्या शब्दावर एका कंत्राटदाराच्या कार्यालयात दोन महिन्यांपुरते टंकलेखनाचे काम मिळाले. डोक्यावर पंखा, थंड पाण्याचा जार आणि बसायला फिरती खुर्ची. पहिल्या दिवशी घरी येऊन मी आईला खुर्चीचेच वर्णन अर्धा तास ऐकविले होते.

त्या खुर्चीवर बसून मी पहिली गोष्ट शिकले ती ही की, स्पेसिफिकेशन कोणी लिहीतच नाही. मागच्या कामाची फाइल उघडायची, नव्या नावाने साठवायची आणि आतली नावे बदलायची. एका दवाखान्याचा मसुदा माझ्यापुढे आला. त्यातून शाळेचा मसुदा करायचा होता. संगणकाला आज्ञा दिली : जिथे ‘हॉस्पिटल’ असेल तिथे ‘स्कूल’ घाल. एका क्षणात सगळीकडे शाळा उभी राहिली. मला मोठी जादू वाटली. मग सहज वाचत गेले तर ‘वॉर्ड’ आणि ‘पेशंट’ हे शब्द जागच्या जागी होते. चौथीच्या वर्गात पेशंटच्या खाटेमागे भिंतीला लाकडी पट्टी बसविण्याची तरतूद त्या शाळेत झाली होती. पुढे एका कलमात समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यापासून लोखंड कसे सांभाळावे याचा तपशील होता. तो कोकणातल्या कुठल्याशा जुन्या कामातून वाहत आलेला असावा. आमच्या भागात उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याला टँकर येतो. समुद्र आम्ही सहलीला जाऊन पाहतो!

हे हसण्यावारी नेता येईल. पण काही गोष्टी हसण्यावारी नेण्यासारख्या नव्हत्या. काँक्रीटच्या कामासाठी आयएस ४५६ नावाचे भारतीय मानक आहे. आमच्या मसुद्यात त्याची १९७८ ची आवृत्ती नमूद होती. ती आवृत्ती २००० साली बदलली. जुन्या आवृत्तीप्रमाणे आर.सी.सी.ला एम-१५ दर्जाचे काँक्रीट चालत असे. नवीप्रमाणे कमीत कमी एम-२० लागते. गवंड्याच्या भाषेत सांगायचे तर जिथे एकास दोनास चार चालत होते, तिथे एकास दीडास तीन लागते. म्हणजे सिमेंट वाढले. या एका ओळीवर स्लॅबची ताकद उभी, आणि ती ओळ इतकी वर्षे फाइलमागून फाइलीत निवांत झोपून आलेली. मी ज्येष्ठ कारकुनांना दाखविले. ते म्हणाले, “राहू दे. वाचतंय कोण?”

मला वाटते, संगणकाच्या युगातल्या बांधकामाची सगळी दुखणी ‘वाचतंय कोण’ या दोन शब्दांत आहेत.

तथापि संगणकाला दोष देऊन मोकळे होणे मला मान्य नाही. संगणक नव्हता तेव्हा हाताने नकला होत, कार्बन कागदावर चौथी प्रत पुसट उमटे, आणि एकास चारचे एकास सात व्हायला एक थकलेला हात पुरे होई. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत बांधकामाची लाट आली, तेव्हा प्रत्येक कार्यालय आपापल्या तऱ्हेने स्पेसिफिकेशन लिहीत होते आणि कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. म्हणून ते लिहिणाऱ्यांनीच १९४८ मध्ये एक संस्था काढली, कन्स्ट्रक्शन स्पेसिफिकेशन्स इन्स्टिट्यूट. तिने १९६३ मध्ये इमारतीच्या सगळ्या कामाची सोळा विभागांत वाटणी केली. काँक्रीटचा क्रमांक ठरलेला, सुतारकामाचा ठरलेला. पुढे १९७८ मध्ये या पद्धतीला मास्टरफॉरमॅट हे नाव मिळाले, आणि २००४ मध्ये विभाग पन्नासपर्यंत वाढविण्यात आले. दरम्यान १९६९ मध्ये तिथल्या वास्तुविशारदांच्या संस्थेने मास्टरस्पेक हा आयता मूळ मसुदा आणला, आणि १९७३ मध्ये इंग्लंडमध्ये नॅशनल बिल्डिंग स्पेसिफिकेशन निघाले. सगळी कलमे एकदा नीट लिहून ठेवायची, तज्ज्ञांनी ती वेळोवेळी सुधारायची, आणि प्रत्येक कामासाठी नको ती गाळायची, ही त्यामागची कल्पना. संगणकासाठी यापेक्षा योग्य काम कोणते? आता तर नकाशा, मोजमाप आणि स्पेसिफिकेशन एकाच संगणकीय प्रतिकृतीत जोडण्यापर्यंत मजल गेली आहे. खिडकी हलविली की तिची यादीही हलते.

या पद्धतीत एक शहाणपण आहे, ते आपण घेतलेले नाही. मूळ मसुद्यातून नको ते गाळायचे असते. गाळण्यासाठी वाचावे लागते. आपण मसुदा घेतला आणि वाचणे सोडून दिले.

आता माझ्या घरच्या गोष्टीकडे येते.

त्या कार्यालयात कामांना क्रमांक होते. मेच्या तिसऱ्या आठवड्यात ‘काम क्रमांक १४’ च्या वास्तुविशारदाकडून ईमेल आला. पश्चिमेच्या भिंतीचा बाहेरचा गिलावा पूर्वी एकास सहाचा धरला होता, तो बदलून एकास चारचा करावा. दोन थर, मिळून २० मिलिमीटर. मी तो बदल मसुद्यात केला. फाइलीला ‘सुधारणा २’ असे नाव दिले. वास्तुविशारद, मालक आणि साइट इंजिनिअर अशा तिघांना पाठविली. पाठविल्याची खूण आली. मी संगणक बंद केला आणि सहाच्या एस.टी.ने घरी आले. आई भाकरी करीत होती. आप्पा अंगणात हातपाय धूत होते. कोपरापर्यंत सिमेंट वाळले होते.

त्या दिवशी आप्पा ज्या भिंतीला गिलावा करून आले होते ती काम क्रमांक १४ चीच भिंत होती. मला ते माहीत नव्हते. आप्पा त्या कामाला ‘टाकीपाशीचं काम’ म्हणत. संगणकात ‘टाकी’ हा शब्दच नव्हता, आणि आप्पांच्या तोंडी ‘चौदा’ हा आकडा नव्हता. एकाच चुलीपुढे आम्ही दोघे जेवलो. मी एकास चार टंकून आले होते, ते एकास सहा थापून आले होते.

साइट इंजिनिअरकडे एकाच वेळी तीन कामे होती. ईमेल त्यांच्या फोनवर पोचला होता, पण उघडला नव्हता. साइटच्या खोलीत दाराला जो कागद चिकटविला होता तो अगदी पहिल्या मसुद्याचा. इंग्रजीत, आणि त्यातही उन्हाने विटलेला. तीन दिवसांत भिंत पूर्ण झाली. चौथ्या दिवशी वास्तुविशारद आले, मालाचे प्रमाण विचारले आणि गिलावा काढायला सांगितले. चौथा दिवस आप्पांचा आपणच केलेले काम छिन्नीने पाडण्यात गेला.

शनिवारी हजेरीचा तक्ता टंकताना मला ‘काम क्र. १४’ च्या पुढे आप्पांचे नाव दिसले. समोर चार खाडे. मी ते चार शून्य टंकले.

घरी येऊन विचारले तेव्हा आप्पा आधी बोलेनात. मग म्हणाले, “कागदात सहा हुतं म्हनं. नंतर चार झालं. मला कुनी सांगितलं?” थोड्या वेळाने आणखी एक गोष्ट त्यांच्या तोंडून निघाली. पहिल्याच दिवशी ते सुपरवायझरला म्हणाले होते, “साहेब, पाऊस या अंगानं मारतो. ह्या भिंतीला चारचाच माल घ्या.” सुपरवायझरने दाराकडे बोट दाखविले, “कागदात सहा आहे. तुला जास्त कळतं का?”

म्हणजे वास्तुविशारदाला जे आठवड्याने सुचले ते माझ्या वडिलांना आधीच ठाऊक होते! शाळेत चौथीपर्यंत गेलेला माणूस, पण तीस वर्षे त्याने भिंती ओल्या होताना पाहिलेल्या आहेत. त्याचे म्हणणे वर पोचविण्याची सोय त्या सबंध व्यवस्थेत कुठेच नव्हती, आणि वरचा बदल खाली त्याच्यापर्यंत पोचविण्याचीही नव्हती. चूक सुपरवायझरची, इंजिनिअरची, थोडी माझीही. खाडे मात्र आप्पांचे. सोबतच्या दोन बिगारी बायांची हजेरीही कापली होती. ती आप्पांनी मुकादमांकडून उचल घेऊन भागविली. ‘त्यांनी मी सांगितला तसा माल कालवला, त्यांचा काय दोष’ एवढेच त्यांचे म्हणणे.

कुणी म्हणेल, हा एका भिंतीचा प्रश्न. संस्था मोठी असली, इंजिनिअर शिकलेले असले, की असे होत नाही. त्यांच्यासाठी मी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचे उदाहरण देते. तिथल्या हयात रीजन्सी हॉटेलच्या भव्य दालनात हवेत टांगलेले पादचारी पूल होते. चौथ्या मजल्याचा वर आणि बरोबर त्याच्या खाली दुसऱ्या मजल्याचा. मूळ नकाशात छतापासून निघालेली एकच लांब सळई वरच्या पुलातून पार होऊन खालच्या पुलापर्यंत जात होती. ती तशी बनविणे अवघड म्हणून तिच्या दोन सळया करण्यात आल्या : एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरी वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. कागदावर फरक बोटभर. पण विहिरीत सोडलेल्या एकाच दोराला दोन ठिकाणी दोन घागरी बांधणे वेगळे, आणि वरच्या घागरीच्या बुडाला खालची घागर बांधणे वेगळे. दुसऱ्या रीतीत वरच्या घागरीच्या गळ्याला दोहोंचा भार येतो. तसेच झाले. १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी नृत्याचा कार्यक्रम चालू असताना दोन्ही पूल कोसळले आणि ११४ माणसे मेली. चौकशीत असे आढळले की मूळचा जोडही नियमाला पुरेसा नव्हता, आणि बदलाने त्याच्यावरचा भार जवळजवळ दुप्पट केला. बदललेल्या नकाशावर अभियंत्यांच्या कार्यालयाची मंजुरीची मोहोर होती; हिशेब मात्र कुणीच केला नव्हता. त्या बदलाविषयी फोनवर काय बोलणे झाले, याबद्दल दोन्ही पक्षांनी पुढे निरनिराळे सांगितले. अभियंत्यांचे परवाने नंतर रद्द झाले.

तिथे सगळे शिकलेले होते, सगळ्यांची भाषा एक होती. तरी ‘मंजूर’ म्हणणाऱ्याने वाचले नाही. मग आमच्या भागात काय होत असेल? इथे लिहिणाऱ्याची भाषा इंग्रजी, सुपरवायझरची अर्धी इंग्रजी अर्धी हिंदी, आणि थापी ज्याच्या हातात आहे त्याची मराठी, कानडी किंवा तेलुगू. संगणकाने पुण्याहून आमच्या गावापर्यंतचे अंतर एका क्षणावर आणले. साइटच्या खोलीपासून परांचीवरच्या गवंड्यापर्यंतचे पन्नास फूट जिथल्या तिथे आहे.

यावर माझे मत असे. प्रत्येक कामाच्या जागी, त्या दिवसाच्या कामापुरता एक कागद मराठीत लावला पाहिजे. पन्नास पानी नको, एकच. कोणती भिंत, कोणता माल, किती जाड, पाणी किती दिवस. वर मोठ्या अक्षरात तारीख. नवा कागद लावण्याआधी जुना काढून नेला पाहिजे. माझ्या मते निम्मे काम एवढ्यानेच होईल. आणि खाली दोन ओळी कोऱ्या सोडाव्यात, गवंड्याचे काही म्हणणे असेल तर सुपरवायझरने ते तिथे लिहून वर पाठविण्यासाठी. ज्या संगणकावर मूळ मसुदा आहे त्यावरच हा कागद पाच मिनिटांत निघू शकतो. मी टंकलेखन केले आहे म्हणून सांगते.

यावर कार्यालयात मला तीन उत्तरे मिळाली. पहिले, मराठी फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की अक्षरांचा कोळ्याच्या जाळ्यासारखा गोंधळ होतो. हे जुन्या फॉन्टच्या काळी खरे होते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. दुसरे, मराठीत लिहिले तर कायद्याच्या दृष्टीने अर्थ बदलेल. करार खुशाल इंग्रजीत राहू द्या. हा कागद करार नाही, निरोप आहे. तिसरे उत्तर, व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे ना! आप्पांचा फोन साधा, बटणांचा. आणि ग्रुपवर कालचा निरोप आजच्या ‘सुप्रभात’खाली कुठे गाडला जातो ते आपण सर्वच जाणतो.

आपल्या राज्यात १९६४ साली राजभाषेचा कायदा झाला. भाषा संचालनालयाने स्थापत्य अभियांत्रिकीचा परिभाषा कोशही काढला आहे. मी तो चाळला. पुष्कळ परिश्रमाचे काम आहे आणि त्याबद्दल आदर वाटतो. तरी ‘विनिर्देश’ हा शब्द माझ्या वडिलांना ‘स्पेसिफिकेशन’पेक्षा जवळचा वाटेल असे मला वाटत नाही. बोलीतले शब्द आधीपासून तयार आहेत : ओळंबा, गुण्या, घमेले, परांची, माल, गिलावा. ते कुणी विचारायला आले नाही इतकेच. मराठीच्या प्राध्यापकांनी माझा राग मानू नये, पण भाषेचे विद्यार्थी एखाद्या सुट्टीत साइटवर वही घेऊन गेले तर प्रकल्पासाठी विषय शोधत बसावे लागणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी असा एक कागद करून पाहिला. आप्पा सध्या ज्या कामावर आहेत तिथल्या इंजिनिअरांना मुकादमांनी विचारले; ते तरुण होते, हो म्हणाले. त्यांनी दिलेल्या मजकुरावरून मी मोठ्या हौसेने टंकले : ‘मिश्रणाचे प्रमाण १:४. पृष्ठभागावर सात दिवस जलसिंचन करावे.’ रात्री आप्पांना वाचून दाखविले. ते बराच वेळ हसत होते.

“जलसिंचन काय, उसाला पाटानं पानी द्यायचंय व्हय? पानी मारनं लिही. आन् मिश्रण नगं, माल लिही.”

मी खोडून लिहिले. मग त्यांनी कागद हातात घेतला, दिव्याखाली धरला आणि वरच्या कोपऱ्यावर सिमेंटने चिरलेले बोट ठेवले.

“तारीख लई बारीक काढलीयास. लांबनं दिसली पायजे. मी परांचीवर असतोय.”